धागा: संगणकशास्त्रातील एम.एस.साठी परदेशी अर्ज – विद्यापीठांची क्रमवारी, कर्ज आणि सामाईक सातबारा

सुरंगी | ६ जुलै २०२५, रात्री १०:४०

नमस्कार. मी देवगड तालुक्यातील एका गावची असून रत्नागिरी जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. सहा सत्रांनंतरचा माझा सीजीपीए ८.२ आहे. पुढल्या वर्षीच्या, म्हणजे २०२६च्या शरद सत्रासाठी परदेशात एम.एस.ला अर्ज करण्याचा विचार आहे. वडिलांची हापूसची बाग आहे, आई अंगणवाडी सेविका आहे, आणि आमच्या घरातून याआधी कोणीही शिक्षणासाठी देशाबाहेर गेलेले नाही.

गेल्या महिन्यात कोल्हापुरातील एका सल्लागाराकडे गेले होते. त्यांनी माझी गुणपत्रिका पाहून वीस मिनिटांत आठ विद्यापीठांची यादी हातात ठेवली. घरी येऊन ती विद्यापीठे एकेक करून तपासली, तेव्हा असे दिसले की आठांपैकी सहा एकाच देशातील आहेत, सर्व अभ्यासक्रम एक वर्षाचे आहेत, आणि मला ज्यात रस आहे त्या संगणकीय दृष्टी (संगणकाला चित्रे ओळखायला शिकवणे) या विषयावर संशोधन करणारा प्राध्यापक त्यांतील दोनच ठिकाणी आहे. याचे कारण विचारले, तर ‘रँकिंग चांगले आहे’ एवढेच उत्तर मिळाले. यादी नेमकी कशावरून करायची, जीआरई ही प्रवेशपरीक्षा द्यावी की नाही, आणि पैशांचा हिशोब कुठून सुरू करायचा, हे अनुभवी सभासदांनी सांगितल्यास आभारी राहीन.

जांभादगड | ७ जुलै २०२५, सकाळी ७:१५

सुरंगी, यादी बाजूला ठेवलीत हे उत्तम केलेत. मी मूळचा राजापूरचा, अमेरिकेत प्रबंधासह एम.एस. केले आणि आता तिथेच नोकरी करतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांतील बरीच विद्यापीठे प्रवेश झालेल्या विद्यार्थ्यामागे सल्लागारांना दलाली देतात, त्यामुळे ‘मोफत सल्ला’ देणाऱ्याची यादी त्या बाजूला झुकणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे हापूसची पेटी कोणत्या दलालाकडे पाठवायची हे पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, कोण चांगली देतो यावरून ठरवतात. इथे तर पट्टी दुसऱ्याच कोणाला मिळते.

‘एम.एस.’ या एका नावाखाली दोन निराळ्या गोष्टी विकल्या जातात, हे आधी लक्षात घ्या. एका प्रकारात विषय शिकायचे, परीक्षा द्यायच्या आणि नोकरीला लागायचे असते. अशा अभ्यासक्रमांची नावे पुष्कळदा एम.सी.एस. किंवा एम.इंग. अशी असतात आणि त्यांत शुल्कमाफी मिळणे दुर्मीळ असते. दुसऱ्या प्रकारात प्रबंध असतो, एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत काम असते, आणि अध्यापन वा संशोधन साहाय्यक म्हणून निवड झाली तर शुल्क माफ होऊन वर विद्यावेतनही मिळू शकते. मात्र ते अर्ज करतानाच हातात येईल असे मानून कोणीही कर्जाचा हिशोब करू नये. याखेरीज एक रस्ता आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही: अमेरिकेत बी.ई.नंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो आणि संगणकशास्त्रातील पीएच.डी.चा खर्च सहसा विद्यापीठच उचलते. त्यासाठी संशोधनाची खरी ओढ हवी. केवळ फुकट आहे म्हणून पाच-सहा वर्षे कोणी काढू नयेत.

क्रमवारीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. वृत्तपत्रांत छापून येणारी क्यूएससारखी क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची असते आणि तिच्यात प्रतिष्ठेविषयीच्या पाहणीला मोठे वजन असते. संगणकशास्त्रासाठी ‘सीएसरँकिंग्ज’ नावाचे संकेतस्थळ आहे. ते निवडक परिषदांमध्ये प्राध्यापकांनी प्रसिद्ध केलेले शोधनिबंध मोजते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे ॲमहर्स्ट किंवा स्टोनी ब्रूक ही नावे तिथे वर दिसतात, क्यूएसमध्ये ती बरीच खाली असतात. (हे संकेतस्थळ उभारणारे एमरी बर्गर ॲमहर्स्टचेच प्राध्यापक आहेत, पण मोजण्याची पद्धत आणि आकडे सर्वांसाठी खुले असल्याने मला त्यात खोट दिसत नाही.) तिथे तुमचा उपविषय निवडा, गेल्या पाच वर्षांपुरता काळ मर्यादित करा आणि मग विद्यापीठाचा क्रमांक सोडून प्राध्यापकांची नावे पाहा. त्या प्राध्यापकांच्या पानावर ‘पूर्वीचे विद्यार्थी’ असा विभाग बहुधा असतो. त्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांची नावे आहेत का, आणि ते पुढे कुठे गेले, हे वाचण्यात घालवलेला एक तास कोणत्याही यादीपेक्षा मोलाचा आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्राध्यापक संशोधनाला हातही लावू देत नाहीत अशी मोठ्या नावाची विद्यापीठे आहेत. तिथे प्रयोगशाळा जगप्रसिद्ध असली तरी तुम्ही तिच्या दाराबाहेरच असाल.

सारतीर | ७ जुलै २०२५, रात्री ११:५०

मी जर्मनीत सारब्र्युकेनला संगणकशास्त्राच्या मास्टर्सच्या तिसऱ्या सत्रात आहे. माहेर वेंगुर्ल्याचे. जांभादगड यांच्या सल्ल्यात युरोप आला नाही, म्हणून लिहिते.

आमच्या विद्यापीठात अभ्यासक्रम इंग्रजीतून आहे, शिकवणी शुल्क नाही, आणि दर सत्राला काही शे युरोंचे सत्रशुल्क भरावे लागते, ज्यात बस-रेल्वेचा पास अंतर्भूत असतो. आवारातच मॅक्स प्लांक संस्थेच्या संगणकशास्त्राच्या दोन संस्था आहेत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे जर्मन संशोधन केंद्रही आहे, त्यामुळे विद्यार्थी-साहाय्यकाचे काम मिळण्याची संधी बरी असते. मात्र ‘जर्मनीत सगळे फुकट’ हा समज आता जुना झाला आहे. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४-२५च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमानुसार दर सत्राला ४,००० ते ६,००० युरो शुल्क लावले आहे. कार्लस्रूह, श्टुटगार्ट, फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहेत त्या बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये २०१७पासून दर सत्राला १,५०० युरो आहेत. स्वित्झर्लंडमधील ईटीएच झुरिकनेही परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क २०२५च्या शरद सत्रापासून तिप्पट केले आहे. ते आता सत्राला २,१९० फ्रँक झाले, आणि झुरिकमधील राहण्याच्या खर्चापुढे ते तरीही किरकोळ वाटते.

व्हिसासाठी एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम बंदिस्त खात्यात आधी भरून दाखवावी लागते. सध्या ती ११,९०४ युरो, म्हणजे आजच्या भावाने सुमारे बारा लाख रुपये आहे. हे शुल्क नव्हे, तुमचेच पैसे असतात, आणि तिथे गेल्यावर ते दरमहा ९९२ युरो याप्रमाणे तुम्हाला परत मिळतात. पण एकरकमी उभे करावे लागतात, आणि आपल्याकडील कुटुंबांची खरी अडचण तिथेच होते.

आता अर्जाविषयी. जर्मन विद्यापीठे तुमच्या विद्यापीठाच्या नावापेक्षा तुम्ही काय शिकलात हे विषयवार मोजतात. गणिताचे श्रेयांक किती, सैद्धांतिक संगणकशास्त्र – म्हणजे ऑटोमाटा, गणनक्षमता, संगणनाची जटिलता – किती, प्रणाली-विषय किती, असा ताळा लावला जातो. आपल्याकडील पुष्कळ अर्ज गुण कमी म्हणून नाही, तर या ताळ्यात न बसल्यामुळे नाकारले जातात. म्हणून प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, तासांसह, आजच एका धारिकेत जमवायला घ्या.

गुणांचे रूपांतर ‘बव्हेरियन सूत्रा’ने होते: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल व किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागा, तिनाने गुणा आणि एक मिळवा. ८.२ सीजीपीए असता किमान उत्तीर्ण श्रेणी ४ धरली तर १.९ येते आणि ५ धरली तर सुमारे २.१. जर्मनीत आकडा जितका लहान तितका चांगला, त्यामुळे किमान उत्तीर्ण श्रेणी तुमच्या गुणपत्रिकेवर काय छापली आहे हे नीट पाहून त्याचा पुरावा अर्जासोबत जोडा.

शेवटचे आणि सर्वांत घाईचे: नोव्हेंबर २०२२पासून भारतीय पदवीधरांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचा दाखला, सक्तीचे आहे. त्याचे शुल्क १८,००० रुपये असून कागदपत्रे दिल्लीला पाठवावी लागतात आणि काही आठवडे सहज जातात. आखेनला युरोपीय संघाबाहेरील अर्जदारांची मुदत १ मार्चला संपते. शेवटच्या वर्षात असतानाही एपीएससाठी अर्ज करता येतो, तेव्हा दिवाळीपर्यंत थांबू नका.

करवंद | ९ जुलै २०२५, दुपारी १:०५

धाग्यासाठी आभार. मी सावंतवाडीहून तीन वर्षांची बी.एस्सी. आयटी केली आहे. मलाही हेच मार्ग खुले आहेत का?

जांभादगड | ९ जुलै २०२५, रात्री ८:३०

करवंद, अमेरिकेतील अनेक विद्यापीठे चार वर्षांची पदवी किंवा तितकी एकूण वर्षे मागतात. काही ठिकाणी तीन वर्षांची पदवी मान्य होते, पण ते प्रत्येक विद्यापीठाच्या पानावर वाचूनच ठरवावे. ब्रिटनमध्ये सहसा अडचण येत नाही. तुम्ही इथे एम.सी.ए. किंवा एम.एस्सी. करून मग अर्ज केलात तर बरीच दारे उघडतील. नोकरी करत शिकायचे असल्यास जॉर्जिया टेकची २०१४पासून चालू असलेली ऑनलाइन एम.एस. पाहा. संपूर्ण पदवीचा खर्च सात हजार डॉलरांच्या आसपास असतो. मात्र तिच्या जोरावर विद्यार्थी-व्हिसा मिळत नाही, आणि पुढे अमेरिकेत काम करण्याची मुभाही नाही.

खातेवही | १२ जुलै २०२५, सकाळी ११:२०

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो असून सध्या चिपळूणला असतो. सुरंगीताई, तुमच्या प्रश्नातील पैशांच्या भागाला अजून कोणी नीट हात घातलेला नाही, म्हणून लांबण लावतो.

शैक्षणिक कर्ज मोठे असले की बँक तारण मागते. तारण म्हटले की आपल्या लोकांना बाग आठवते, कारण घरात किमतीचे तेवढेच असते. पण शेतजमीन बँका शैक्षणिक कर्जासाठी सहसा घेत नाहीत. त्यामागचे कारण कायद्यात आहे. थकीत कर्ज न्यायालयात न जाता वसूल करण्याचा अधिकार बँकांना २००२च्या सरफेसी कायद्याने दिला आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ३१ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. ज्या तारणावर हात ठेवता येत नाही ते तारण बँकेला काय कामाचे? बागेची किंमत कोटीत असली, तरी शाखेत तिचा अर्धा तासही विचार होत नाही हे मी खुर्चीच्या पलीकडून अनेकदा पाहिले आहे, आणि समोर बसलेल्या बागायतदाराला ते समजावताना मलाच ओशाळे व्हायचे.

राहते घर चालते, पण त्यातही मेख आहे. गावठाणातील घराला ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा असतो, तेवढ्यावर बँकेचा वकील टायटल सर्चमध्ये (मालकीच्या तपासणीत) समाधानी होत नाही. आणि जमीन बिनशेती असली तरी सातबारा सामाईक असतो. आजोबांच्या नंतरची वारसनोंद झालेली नाही, दोन आत्या मुंबईला, एक काका वारलेले, त्यांची मुले नालासोपाऱ्याला – अशा सतरा नावांच्या संमतीशिवाय गहाणखत होत नाही. हक्कसोडपत्र किंवा वाटणीपत्र करायचे तर सर्वांना एकत्र बसवावे लागते. कोकणात सगळे एकत्र येतात ते गणपतीत. यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. आरती झाल्यावर विषय काढा, दिवाळीनंतर धावपळ करण्यापेक्षा बरे.

दुसरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने वडिलांच्या आयकर विवरणात ते दाखवलेच नसते, आणि बँक सहकर्जदाराचे उत्पन्न विवरणपत्रावरूनच पाहते. उत्पन्न करमुक्त असले तरी विवरणपत्रात दाखवता येते. वाशीच्या दलालाच्या पट्ट्या आणि त्यांचे पैसे खात्यात जमा झाल्याच्या नोंदी गेल्या तीन वर्षांच्या जपून ठेवा. रोखीचा व्यवहार असेल तर या हंगामापासून तरी बंद करा.

हंगामाचे वेळापत्रकही जुळत नाही हे ध्यानात घ्या. विद्यापीठे एप्रिलमध्ये अनामत मागतात, आणि आंब्याचे पैसे पूर्णपणे हातात येईपर्यंत जून उजाडतो.

तारणाशिवाय कर्ज देणाऱ्या खासगी वित्तसंस्था आहेत, पण व्याज चढे असते आणि शिक्षण चालू असतानाच ते साचत जाते. केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना देशातील निवडक संस्थांसाठीच आहे, तिच्यावर विसंबू नका. १८९२पासून चालू असलेली जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती जरूर पाहा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते, म्हणजे जांभादगड यांनी बाजूला सारलेली क्रमवारी तिथे पाहावीच लागते.

सुरंगी | ७ सप्टेंबर २०२५, रात्री ९:५५

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरास उशीर झाला. खातेवहीकाकांच्या सांगण्याप्रमाणे पाचव्या दिवशी रात्री विषय काढला. दोन्ही आत्यांनी होकार दिला आहे, एका चुलतभावाने ‘विचार करून सांगतो’ म्हटले आहे.

जीआरई घरून देण्याचा विचार जुलैतच सोडला, कारण सराव-परीक्षेच्या मधोमध वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मुंबईच्या केंद्रावर दिली. पावसाळी वेळापत्रकामुळे गाडी सावकाश गेली, पण परीक्षा २०२३पासून दोन तासांच्याही आत आटोपशीर झाली असल्याने थकवा प्रवासाचाच अधिक होता. गणिती भागात १७० पैकी १६६ आले. त्याच फेरीत कलिन्याला जाऊन विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा, अर्जही दिला.

आता एसओपीवर, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशनिवेदनावर, अडले आहे. पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी आहे: ‘लहानपणापासून मला संगणकाचे आकर्षण होते.’ पुढे प्रकल्पाबद्दल एक परिच्छेद आहे. आमचा प्रकल्प हापूसमधील साका ओळखण्याचा होता. साका झालेले फळ बाहेरून धडधाकट दिसते, कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर निघतो. छायाचित्रांवरून ते ओळखणारे प्रारूप आम्ही बनवले. सुरुवातीला अचूकता फार चांगली आली होती, नंतर काही कारणांनी घसरली, म्हणून तो भाग मी लिहिलेला नाही.

वाशिष्ठी | ८ सप्टेंबर २०२५, सायंकाळी ६:१०

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते आणि दर वर्षी पंधरा-वीस एसओपी वाचते. सुरंगी, लहानपणचे आकर्षण काढून टाक. जो भाग तू लिहिला नाहीस, त्याविषयी मला विचारायचे आहे. अचूकता का घसरली?

सुरंगी | ८ सप्टेंबर २०२५, रात्री १०:३०

मॅडम, आम्ही साक्याची फळे एका बागेतून आणि चांगली फळे दुसऱ्या बागेतून घेतली होती. पहिली पडवीत जांभ्याच्या भिंतीसमोर टिपली होती, दुसरी खळ्यात उन्हात. शिवाय एकाच फळाची चार बाजूंनी छायाचित्रे घेतली होती आणि ती प्रशिक्षण व चाचणी दोन्ही गटांत विखुरली गेली. हे लक्षात आल्यावर फळवार आणि बागवार विभागणी करून पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा निकाल जवळजवळ नाणेफेकीवर आला. प्रारूपाने साका ओळखलाच नव्हता, त्याने भिंत ओळखली होती.

वाशिष्ठी | ९ सप्टेंबर २०२५, सकाळी ८:००

हेच तुझ्या एसओपीचे पहिले वाक्य असू दे. ‘आमच्या प्रारूपाने आंबा नव्हे, भिंत ओळखली होती’ हे वाचल्यावर निवड समितीतला प्राध्यापक खुर्चीत सरसावून बसेल, कारण प्रशिक्षणातील माहिती चाचणीत झिरपण्याची ही चूक त्याचे स्वतःचे विद्यार्थीही करत असतात आणि त्यांतले थोडेच ती स्वतः शोधून काढतात. त्यानंतर तू काय केलेस, काय करायचे राहिले, दृश्य प्रकाशात फळाच्या आतील दोष दिसत नसेल तर अवरक्ताजवळच्या तरंगलांबीकडे का वळावे लागेल, आणि त्यासाठी आपल्या महाविद्यालयात साधने नव्हती, हे सरळ लिही. मग ज्या विद्यापीठाला अर्ज करतेस तिथला कोणता गट अशा प्रकारचे काम करतो आणि तुला त्यात नेमके काय शिकायचे आहे ते सांग. हा शेवटचा परिच्छेद प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळा लिहावा लागेल. केवळ प्राध्यापकाचे नाव बदलून तोच मजकूर डकवलेला असला, तर तो ओळखायला प्रारूपाचीही गरज लागत नाही.

शिफारसपत्रांविषयी मला आमच्याच व्यवसायाची लाज वाटते. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असे म्हणणारे शिक्षक सगळीकडे आहेत. एकाच विद्यार्थिनीची तीन पत्रे एकाच हाताची असली, की ते कळते. विभागप्रमुखांचे पद मोठे म्हणून त्यांच्याकडे धावू नकोस. ज्यांनी तुझ्या प्रकल्पाची वही पाहिली आहे त्यांच्याकडून घे, त्यांना तुझ्या कामाची एक पानी टिपणी दे, महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवरूनच पत्र पाठवायला सांग आणि मुदतीच्या महिनाभर आधी आठवण कर. परीक्षेच्या काळात आम्ही खरोखरच विसरतो.

जांभादगड | २२ सप्टेंबर २०२५, सकाळी ६:४५

१९ तारखेच्या घोषणेमुळे इथे सर्वांची झोप उडाली आहे, आणि त्याविषयी या धाग्यात लिहिणे भाग आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर आकारण्याचा आदेश राष्ट्राध्यक्षांनी काढला आहे. आधीची परिस्थिती अशी होती, आणि अजूनही आहे, की संगणकशास्त्रातील पदवीनंतर ओपीटी या विद्यार्थी-व्हिसावरील कामाच्या परवानगीखाली बारा महिने आणि त्यापुढे चोवीस महिने वाढ, असे एकूण तीन वर्षे काम करता येते. त्या काळात एच-१बीच्या सोडतीत नाव निघावे लागते. वर्षाला ६५,००० जागा, आणि अमेरिकी पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी २०,०००. म्हणजे सोडत लागली नाही तर परत येणे ही शक्यता आधीही होतीच. आता ती अधिक गंभीरपणे धरावी एवढेच.

खातेवही | २२ सप्टेंबर २०२५, दुपारी १२:१५

तर मग हिशोब परत येण्याच्या शक्यतेवरच करू. पंचेचाळीस लाखांचे कर्ज, ११ टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर हप्ता महिना सुमारे ६२,००० रुपये येतो. शिक्षणाच्या काळात पूर्ण रकमेवर साचणारे व्याजच महिन्याला ४१,२५० आहे, ते वेळच्या वेळी भरले नाही तर मुद्दलात मिसळून हप्ता आणखी वाढतो. पंधरा लाखांच्या कर्जाचा हप्ता त्याच दराने सुमारे २०,७०० येतो. दुसरा हप्ता पुण्यातल्या साधारण नोकरीतून फिटतो, पहिला फिटत नाही. देश निवडण्याआधी हे दोन आकडे वडिलांसमोर ठेवा आणि त्यांनाही मत विचारा. त्यांचे घर तारण राहणार आहे.

कर्जाच्या व्याजावर कलम ८०ईखाली आठ वर्षे वजावट मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली तरच. आणि वित्तसंस्थेच्या कर्जातून परदेशी पाठवलेल्या शुल्कावर टीसीएस (पैसे पाठवताना बँक गोळा करते तो कर) लागत नाही, स्वतःच्या पैशांतून दहा लाखांवर पाठवलेत तर लागतो. तेव्हा आधी कर्जाची रक्कम पाठवावी.

जांभादगड | २४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:२०

खुलासा: या आठवड्यात इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केले आहे की अमेरिकेतच असलेल्या विद्यार्थ्याने एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरून एच-१बीवर बदल मागितला तर ते एक लाख डॉलर लागू नाहीत. दरम्यान, सोडतीत वरच्या वेतनस्तराला झुकते माप देण्याचा प्रस्तावही आला आहे. दर पंधरवड्याला नवे काही येते, म्हणून बातमी पाहून यादी बदलत बसू नये. पण खातेवहींचा हिशोब तसाच ठेवावा.

सुरंगी | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री ८:४०

घरात तीन रात्री बोलणे झाले. बाबांनी आकडे पाहून एकच प्रश्न विचारला: ‘एक वर्ष मोहोरच आला नाही तर?’ त्यानंतर यादी पुढीलप्रमाणे ठरली आहे.

जर्मनीत सारब्र्युकेन, आखेन आणि डार्मश्टाट. एपीएस प्रमाणपत्र गेल्या आठवड्यात आले. ईटीएचचा अर्ज नोव्हेंबरअखेरच्या मुदतीत भरते आहे. तिथल्या खर्चासाठी शिष्यवृत्ती मिळाली तरच जाईन, आणि ती क्वचितच मिळते हे ठाऊक आहे. अमेरिकेत फक्त प्रबंधाच्या दोन एम.एस. आणि एक थेट पीएच.डी. अशी तीनच ठिकाणे ठेवली आहेत, आणि साहाय्यकपद मिळाले नाही तर तिथले प्रवेशपत्र नम्रपणे नाकारायचे असे आधीच ठरवले आहे. कॅनडातील एक प्रबंधाधारित एम.एस्सी. आहे, कारण तिथे अशा अभ्यासक्रमांना सहसा विद्यावेतन असते, पण प्राध्यापक आधी तयार व्हावे लागतात. तिघांना लिहिले, एकांचे उत्तर आले. ब्रिटन वगळले. एका वर्षात प्रबंधाला वेळ मिळत नाही, आणि पदवीनंतर राहण्याची मुदतही १ जानेवारी २०२७पासूनच्या अर्जांसाठी दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर येणार आहे.

शिवाय गेट या देशातील एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचाही अर्ज भरला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनाधारित एम.टेक. मिळाले तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते आणि घर तारण ठेवावे लागत नाही. आईचा कल तिकडेच आहे, हे मी इथे नोंदवून ठेवते.

सारतीर | १७ नोव्हेंबर २०२५, रात्री १२:३०

यादी आवडली. डार्मश्टाटसाठी विषयवार ताळा पुन्हा तपास. ऑटोमाटा आणि जटिलता हे आपल्याकडे एकाच विषयात असतात, त्यांचे तास वेगळे करून दाखव. आणि थंडीचे जाकीट तिकडून आणू नकोस, इथे जुने स्वस्तात मिळते.

जांभादगड | १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:००

एक सूचना. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठे साहाय्यकपदासह दिलेल्या प्रवेशाबाबत १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती करणार नाही, असे आपसांत मान्य करून बसली आहेत. आर्थिक साहाय्य नसलेल्या प्रवेशाला मात्र हा नियम लागू नसतो, तिथे अनामतीची तारीख आधीची असू शकते. उत्तराची घाई करणाऱ्या पत्रात साहाय्याचा उल्लेख आहे की नाही, हे आधी वाचा.

सुरंगी | १८ जानेवारी २०२६, रात्री १०:०५

अमेरिका, कॅनडा आणि ईटीएचचे अर्ज गेले. सारब्र्युकेन, आखेन आणि डार्मश्टाटचे कागद तयार आहेत. तिन्ही शिफारसपत्रे पोहोचली, त्यांतील एक मुदतीच्या सव्वा तास आधी. चुलतभावाने हक्कसोडपत्रावर सही केली, फेरफार तलाठ्याकडे आहे. पुढच्या महिन्यात गेट आहे, आणि यंदा मोहोर बरा आला आहे.

करवंद | १९ जानेवारी २०२६, सकाळी ९:३०

अभिनंदन, सुरंगीताई. मी यंदा एम.सी.ए.ला प्रवेश घेतला आहे. एकच विचारतो: कलिन्याहून ट्रान्सक्रिप्ट मिळायला किती दिवस लागले, आणि लिफाफे किती मागितलेत?

सुरंगी | १९ जानेवारी २०२६, दुपारी १:४५

मला महिनाभर लागला, त्यात एक फेरी वाया गेली, कारण एका सत्राच्या गुणपत्रिकेची प्रत पुसट होती. सीलबंद लिफाफे सहा मागितले आणि त्यांतील दोनच लागले, बाकी ठिकाणी स्कॅन केलेली प्रत चालली. जाताना सर्व गुणपत्रिकांच्या मूळ प्रती सोबत ठेवा, आणि रात्रीची गाडी धरा, म्हणजे खिडकी उघडायच्या आधी रांगेत उभे राहता येईल.